मक्याची विषम पेरणी

मक्याची विषम पेरणी : मक्याच्या शेतात रोपे ठरावीक अंतरावर व एकाच सुमारास उगवून न येता काही ओळींत दाट, काहींत विरळ, काही आधी तर काही बऱ्याच उशिरा उगवणे, या दोषास मक्याची विषम पेरणी म्हणतात. वरवर पाहता हा एकच दोष वाटतो; पण त्यात दोन निरनिराळे दोष मिसळलेले असतात. पहिला अंतराचा, म्हणजे रोपांमध्ये मोकळ्या जागा (नांगे) पडणे किंवा एकाच जागी दोन-तीन रोपे येणे. दुसरा वयाचा, म्हणजे शेजारशेजारच्या रोपांच्या उगवणीत काही दिवसांचे अंतर पडणे. पहिला दोष बांधावरून दिसतो व त्याचीच चर्चा अधिक होते. दुसरा सहज नजरेत भरत नाही, परंतु उत्पादनाच्या दृष्टीने बहुधा तोच अधिक हानिकारक असतो.

इतर तृणधान्यांच्या मानाने मक्याला या दोषाची झळ जास्त लागते. भात, गहू व काही प्रमाणात ज्वारी या पिकांना फुटवे येतात. रोप विरळ पडले, तर शेजारचे रोप जास्त फुटवे काढून मोकळी जागा बरीचशी भरून काढते. मक्याच्या धान्याच्या जातींत उपयुक्त फुटवे जवळजवळ येतच नाहीत. एका रोपास एक, क्वचित दोन कणसे धरतात. त्यामुळे न उगवलेल्या बियाची भरपाई शेजारच्या कणसाचे आकारमान थोडे वाढण्यापुरतीच मर्यादित राहते. हेक्टरी रोपांची संख्या पेरणीच्या आठवड्यातच ठरून जाते आणि पुढील खत, पाणी व निगा यांनी ती वाढविता येत नाही.

संकरित वाणांच्या प्रसारानंतर या प्रश्नाला अधिक महत्त्व आले. भारतात मका सुधारणेचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९५७ मध्ये सुरू झाला व १९६१ मध्ये गंगा-१, गंगा-१०१, रणजित आणि डेक्कन हे पहिले संकरित वाण प्रसारित झाले. त्यापूर्वी घरचे बी एका जागी तीन-चार दाणे टाकून पेरण्याची रीत होती. बी स्वस्त असल्याने नांगे पडण्याचे भय कमी होते. संकरित बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. त्यामुळे ते मोजून, एका जागी एक किंवा दोन दाणे या प्रमाणात टाकले जाते आणि एकेका दाण्याची उगवण महत्त्वाची ठरते.

नुकसानीचे स्वरूप : अमेरिकेतील इलिनॉय व विस्कॉन्सिन येथे झालेल्या व १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मुद्दाम वेगवेगळ्या वेळी पेरलेली रोपे एकाच ओळीत वाढवून उत्पादन मोजण्यात आले. काही रोपे सु. दीड आठवडा उशिरा उगवली, तेव्हा उत्पादन सु. ६ ते ९ टक्क्यांनी घटले. उशीर तीन आठवड्यांचा असता एक चतुर्थांश रोपे मागे राहिल्यास सु. १० टक्के, तर निम्मी किंवा अधिक रोपे मागे राहिल्यास २० टक्क्यांहून अधिक घट आली. याचे कारण सोपे आहे. आधी उगवलेले रोप प्रकाश, ओल व नत्र यांवर प्रथम हक्क मिळविते. मागून आलेले रोप त्याच्या सावलीत उंच पण बारीक वाढते, त्याला लहान किंवा रिकामे कणीस येते आणि तरीही ते पाणी व अन्न घेत राहते. शेजारच्या रोपापेक्षा दोन किंवा अधिक पानांनी मागे असलेले रोप व्यवहारतः तणच मानावे, असे मत पुष्कळ कृषिविज्ञ व्यक्त करतात.

अंतराच्या विषमतेविषयी मात्र मतभेद आहेत. एकूण रोपसंख्या योग्य असून ती ओळीत पुढेमागे झाली असेल, तर उत्पादनात फारसा फरक पडत नाही, असे विस्कॉन्सिनमधील पुढील काळातील प्रयोगांत (२००४) आढळले. अन्य काही ठिकाणी थोडी घट नोंदली गेली आहे. दोन्ही निष्कर्ष लक्षात घेता एवढे निश्चित म्हणता येते की, सारख्या वयाची पण थोडी वाकडीतिकडी ओळ ही सरळ पण निरनिराळ्या वयांच्या रोपांच्या ओळीपेक्षा चांगली. लहान शेतावर हे विसरले जाते व नांगे भरण्याच्या आग्रहातून वयाची विषमता उलट वाढविली जाते. याचे उदाहरण पुढे येईल.

उरवडे परिसरातील परिस्थिती : पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील उरवडे हे गाव पुणे शहराच्या पश्चिमेस, पिरंगुटच्या पलीकडे, सह्याद्रीच्या पूर्वेकडील फाट्यांमधील खोऱ्यात आहे. तालुक्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना पावसाचे मान झपाट्याने वाढत जाते. खरिपात भात हे मुख्य पीक असून मुळशीचा आंबेमोहोर विशेष प्रसिद्ध आहे. उतारावरील जमीन बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची केलेली असते व या लहान खाचरांत चिखलणी करून भात लावतात. मका येथे मुख्य पीक नाही. पाण्याची सोय असेल तेथे भातानंतर रब्बीत, किंवा पाणी न साचणाऱ्या वरकस जमिनीत खरिपात, तो हिरव्या चाऱ्यासाठी, कोवळ्या कणसांसाठी व काही अंशी दाण्यासाठी घेता येतो. पुण्याची बाजारपेठ जवळ आहे. पावसाळ्यात ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाजलेली कणसे विकली जातात, हीही एक गिऱ्हाइकी आहे. क्षेत्र बहुधा काही गुंठ्यांचे असते व त्यामुळे पेर बिघडली, तर दुसऱ्या तुकड्यातून भरपाई करण्यास वाव राहत नाही.

भाताच्या खाचरात मका पेरताना दोन अडचणी एकत्र येतात. एक म्हणजे जमिनीची. चिखलणीमुळे मातीच्या कणांची रचना मोडते व नांगराच्या तळाशी कठीण थर तयार होतो. भात निघाल्यावर ही माती काही दिवस चिकट असते आणि नंतर लवकरच दगडासारखी घट्ट होते. या दोन अवस्थांमधील वाफशाचा काळ फार थोडा मिळतो. वाफसा येण्यापूर्वी नांगरल्यास मातीच्या वड्या निघतात, उशिरा नांगरल्यास मोठी ढेकळे. दोन्ही परिस्थितींत बियाभोवती माती घट्ट बसत नाही. दुसरी अडचण सवयीची. भातात लावणीनंतर आठ-दहा दिवसांनी मेलेल्या चुडांच्या जागी नवे चूड लावले, तरी फुटव्यांमुळे ते पीक बरेचसे बरोबरीस येते. तीच रीत मक्याला लावली जाते व दहा-बारा दिवसांनी नांग्यांच्या जागी पुन्हा बी टोकले जाते. हे बी उगवेपर्यंत शेजारच्या रोपांना चार-पाच पाने आलेली असतात. शेत भरलेले दिसते, पण नंतर टोकलेल्या रोपांपासून दाणे जवळजवळ मिळत नाहीत.

निदान : पेर बिघडल्याचे दिसताच प्रथम बियाण्याला दोष दिला जातो. तो खरा असू शकतो. पण दोष कोठे आहे हे नांगे कोणत्या नमुन्याने पडले आहेत त्यावरून पुष्कळदा समजते. नांगे ठरावीक ओळीतच, शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असतील, तर औताचा किंवा त्या ओळीवर बी टाकणाऱ्या हाताचा दोष असतो. ते थरांनी किंवा ठिगळांसारखे असतील, तर ओल व जमीन यांत कारण शोधावे. ठिगळे बांधाच्या कडेने असल्यास पक्षी, खेकडे, उंदीर किंवा बांधावरील झाडांची सावली यांचा विचार करावा. संपूर्ण शेतात सर्व ओळींत सारख्याच प्रमाणात, कोणताही नमुना नसलेले नांगे पडले असतील, तेव्हाच बियाण्यावर संशय घेण्यास आधार मिळतो.

पायऱ्यांच्या शेतात आणखी एक नमुना आढळतो. जमीन सपाट करताना डोंगराकडील बाजूची माती कापून दरीकडील बाजूस भरलेली असते. त्यामुळे एकाच खाचराच्या वरच्या कडेस मुरमाड, उथळ व लवकर सुकणारी जमीन, तर खालच्या कडेस खोल व ओल धरणारी जमीन असते. कोरड्या हंगामात वरच्या कडेचे बी उशिरा उगवते, तर खरिपातील जोरदार पावसात खालच्या कडेचे बी पाण्यात कुजते. म्हणजे एकाच खाचरात हंगाम बदलला की नांग्यांची जागा बदलते. पेरणाऱ्याचा किंवा बियाण्याचा याच्याशी संबंध नसतो.

नमुना पाहून झाल्यावर उकरून पाहणे आवश्यक असते. रोपे ज्या जागी हवी होती तेथील माती खुरप्याने हळूहळू बाजूला करून बी शोधावे. बी सापडलेच नाही, तर ते टाकलेच गेले नाही किंवा पक्ष्यांनी, उंदरांनी नेले. बी कोरडे, कडक व जसेच्या तसे असेल, तर ओल कमी पडली. असे बी पाणी मिळताच उगवू शकते, म्हणून त्यास मेलेले समजू नये. बी फुगून मऊ व दुर्गंधीयुक्त झाले असेल, तर पाणी साचले किंवा बी निर्जीव होते. कोंब मातीखालीच वेडावाकडा वळलेला किंवा त्याची पाने मातीतच उलगडलेली असल्यास वर कठीण पापुद्रा होता अथवा बी फार खोल पडले. कोंबाचे टोक करपून तपकिरी झाले असल्यास खत बियाला लागले असण्याची शक्यता अधिक. पाच-सहा जागा उकरण्यास अर्धा तासही लागत नाही, तरीही हे काम क्वचितच केले जाते.

रोपसंख्या मोजण्याची सोपी रीत अशी : ओळींतील अंतर ७५ सेंमी. असल्यास एका ओळीत १३.३ मी. लांबी दोरीने मोजावी, ६० सेंमी. असल्यास १६.७ मी. हे क्षेत्र १० चौ. मी., म्हणजे हेक्टरचा एक सहस्रांश होते. त्या लांबीतील रोपे मोजून १,००० ने गुणले की हेक्टरी रोपसंख्या मिळते. ७५ × २० सेंमी. अंतरावर ती सु. ६६,००० व ६० × २० सेंमी. अंतरावर सु. ८३,००० असावयास हवी. मोजताना केवळ एकूण संख्या न घेता, मागे पडलेली (दोन पाने कमी असलेली) रोपे वेगळी मोजावीत. अशी चार-पाच ठिकाणची मोजणी सरासरीस पुरते, मात्र चांगली व वाईट ठिकाणे निवडून न घेता शेतात चालत जाऊन ठरावीक पावलांवर मोजावे.

कारणे : (अ) पेरणीची खोली. मक्याचे बी ४ ते ५ सेंमी. खोल, म्हणजे बोटाच्या साधारणतः दोन पेरांएवढे पडावे. दाणे मोठे असल्याने ते सु. ७ सेंमी. खोलीवरूनही उगवू शकतात, परंतु उशिरा. उथळ पडलेल्या बियाचा धोका निराळा असतो. मक्याची कायम मुळे बी कितीही खोल पडले तरी जमिनीच्या पृष्ठाखाली सु. २ सेंमी. वर असलेल्या कांड्यांपासून फुटतात. बीच तितक्या उथळ असल्यास ही मुळे कोरड्या मातीत निघतात, सुकतात व रोप पुढे कोलमडते. एका ओळीतील बी ३ पासून ८ सेंमी. पर्यंत निरनिराळ्या खोलीवर पडल्यास उगवणीत चार-पाच दिवसांचा फरक सहज पडतो.

खोली बिघडण्याची कारणे औतानुसार वेगळी असतात. तिफणीत चाड्यात हाताने टाकलेले बी नळ्यांतून फणांच्या मागे काकरीत पडते. तिन्ही फण सारखे झिजत नाहीत. मधल्या किंवा कडेच्या फणाची लांबी एक बोट कमी झाली, तरी त्या ओळीतील बी उथळ पडते, आणि दर तिसरी ओळ मागे राहिलेली दिसली की हेच कारण असते. मक्यासाठी दोन ओळींत जास्त अंतर हवे असल्याने मधला नळा बंद ठेवून कडेच्या दोनच फणांनी पेरतात. फणांतील अंतर ३० सेंमी. असल्यास ६० सेंमी. ची ओळ मिळते. अशा वेळी चाड्यातील मधल्या छिद्राचा बोळा निसटला, तर मध्ये तुरळक रोपे उगवतात. ओल्या चिकट मातीत नळ्याच्या तोंडाशी चिखल बसून तो तुंबतो. बी चाड्यात पडत राहते, हात चालू राहतो, पण काकरी कित्येक हात रिकामी जाते. म्हणून खाचराच्या जमिनीत प्रत्येक वळणावर नळे तपासावे लागतात. रुमण्यावरील दाब उतारावर चढताना व उतरताना बदलतो, त्यामुळे उताराच्या दिशेने पेरलेल्या शेतात खोली बदलते. आडवी पेर अधिक सारखी येते. चाड्यावर मूठ धरणाऱ्याचे कौशल्य हा तर सर्वांत मोठा भाग. ज्वारी-बाजरीचे बारीक दाणे मुठीतून सारखे सोडण्याची सवय असलेल्या हातालाही मक्याचे चपटे, मोठे दाणे सुरुवातीस जड जातात.

नांगरामागे तासात बी टाकण्याची रीत काही ठिकाणी आहे. नांगराचे तास १० सेंमी. किंवा अधिक खोल जाते व वर पडणारे ढेकूळ लहानमोठे असते. या रीतीने सारखी उगवण मिळणे जवळजवळ अशक्य आहे. रोटाव्हेटरने भुसभुशीत केलेल्या जमिनीतही बी अपेक्षेपेक्षा खोल जाते. पेरण्यापूर्वी फळी फिरवून माती थोडी दाबून घेतल्यास हा दोष टळतो. ट्रॅक्टरवरील पेरणी यंत्रांत बी उचलणाऱ्या तबकडीची छिद्रे दाण्याच्या आकारमानास जुळली नाहीत, तर कोठे दोन दाणे पडतात व कोठे एकही नाही. कणसाच्या टोकाचे दाणे लहान व गोल, मधले चपटे असतात, म्हणून प्रतवारी न केलेल्या बियात हा त्रास वाढतो. यंत्र वेगाने ओढल्यास छिद्रे भरण्यास वेळ मिळत नाही व बी उसळून पडते.

काही गुंठ्यांच्या तुकड्यांत टोकण पद्धत सर्वांत योग्य होय. दोरी धरून, २० सेंमी. वर खुणा करून एका जागी दोन दाणे टोकावेत. बी कमी लागते (धान्याच्या पिकास हेक्टरी १५ ते २० किग्रॅ.) व खोली हातात राहते. मात्र चार जण चार ओळी टोकत असल्यास चार प्रकारच्या खोल्या मिळतात. टोकण्याच्या काठीला ५ सेंमी. वर आडवी खुंटी बांधल्यास हा फरक नाहीसा होतो.

(आ) ओल व माती. उगवण सुरू होण्यासाठी मक्याच्या दाण्याने स्वतःच्या वजनाच्या सु. ३० टक्के पाणी शोषावे लागते. ढेकळांच्या पोकळीत अडकलेल्या दाण्यास ते मिळत नाही. तो पुढील पाण्याची वाट पाहत पडून राहतो व पाणी दिल्यावर आठवड्याने उगवतो. वयाची विषमता बहुतेक वेळा अशी निर्माण होते. त्यामुळे भाताच्या खाचरात कोरड्यात पेरून मग पाणी देण्यापेक्षा आधी पाणी देऊन, वाफसा आल्यावर मशागत करून पेरणे श्रेयस्कर असते. खरिपात याच्या उलट धोका असतो. उगवत्या बियाला हवा लागते व उबदार जमिनीत दोन दिवस पाणी साचून राहिले तरी पुष्कळ बी व रोपे मरतात. मुळशीसारख्या भागात म्हणून मका सऱ्यांच्या वरंब्यावर किंवा वरंब्याच्या बगलेला टोकणे हिताचे असते. पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन कडक ऊन पडल्यास पृष्ठावर पापुद्रा धरतो. कोंब बाहेर येण्यापूर्वी हलके पाणी देऊन किंवा दाताळ्याने पापुद्रा हळुवार फोडल्यास उगवण वाचते. एकदा पाने मातीखाली उलगडली की उपाय उरत नाही. मक्याच्या उगवणीस किमान १०° से. तापमान लागते. रब्बीत १५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या काळात पेरणी करण्याची शिफारस आहे. त्यानंतर थंडी वाढल्यावर पेरलेले बी उगवण्यास खूप अधिक दिवस घेते, व उगवण जितकी लांबते तितकी विषमता वाढते.

(इ) खत. युरिया किंवा संयुक्त खत बियाबरोबर एकाच नळ्यातून सोडल्यास क्षारांमुळे व अमोनियामुळे कोंब करपतो, विशेषतः ओल कमी असताना. खत बियाच्या बाजूस सु. ५ सेंमी. व तितकेच खाली पडावे.

(ई) बी. प्रमाणित संकरित मक्याच्या बियाची किमान उगवणक्षमता ९० टक्के ठरविण्यात आलेली आहे. याचा अर्थ शंभरातील दहा दाणे न उगवणे हे नियमात बसते. शेतातील उगवण प्रयोगशाळेपेक्षा नेहमी थोडी कमी असते हेही ध्यानात घ्यावे. पेरणीपूर्वी आठवडाभर शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळींनी मांडून, गुंडाळून सावलीत ठेवावेत व चौथ्या आणि सातव्या दिवशी मोड मोजावेत. सातव्या दिवसाची संख्या उगवणक्षमता सांगते, परंतु चौथ्या व सातव्या दिवसांतील फरक अधिक बोलका असतो. चौथ्या दिवशी थोडेच व सातव्या दिवशी पुष्कळ मोड आल्यास बियाचा जोम कमी झालेला असतो व ते शेतात मागेपुढे उगवणार असे समजावे. दमट हवेत पावसाळाभर ठेवलेल्या बियात हा दोष नेहमी दिसतो.

संकरित पिकाचेच दाणे पुढील वर्षी पेरल्यास गुणधर्मांचे विलगीकरण होऊन रोपे उंची, तुरा व कणीस यांत वेगवेगळी निघतात. ही विषमता पेरणीची नसून आनुवंशिक असते व तिला शेतातील कोणताही उपाय लागू पडत नाही. पंचगंगा, करवीर, मांजरी यांसारख्या संमिश्र वाणांचे बी मात्र काही वर्षे घरचे वापरता येते.

(उ) कीड व प्राणी. कावळे, साळुंक्या व मोर कोंब वर येताच उपटून दाणा खातात. पेरणीनंतर दहा-बारा दिवस राखण करणे आवश्यक असते. डोंगराकडील शेतांत रानडुकरे व साळिंदर ओळीच्या ओळी उकरतात. हुमणी, वाळवी व रोपे कुरतडणाऱ्या अळ्या यांचे नुकसान ठिगळांनी दिसते. खोडमाशीने पोंगा मेल्यास रोप उभे असूनही मोजणीत धरू नये. अमेरिकन लष्करी अळी (स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा) भारतात २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रात पसरली. तिच्यामुळे वयाच्या विषमतेचा एक नवा तोटा उद्‌भवला आहे. पोंग्याच्या नाजूक अवस्थेतील रोपे शेतात दीर्घकाळ राहतात, एका फवारणीत सर्व रोपे योग्य अवस्थेत सापडत नाहीत व फवारण्यांची संख्या वाढते.

पाने कापली गेली किंवा गारांनी फाटली म्हणून रोप मेले, असे मानू नये. पाच-सहा पाने होईपर्यंत मक्याचा वाढीचा अंकुर जमिनीखाली सुरक्षित असतो. बुंधा उभा चिरून पाहावा. अंकुर पांढरा व घट्ट असल्यास रोप पुन्हा वाढते, तपकिरी व मऊ असल्यास नाही.

उपाय : उगवणीनंतर आठ-दहा दिवसांनी विरळणी करताना बहुतेक दुरुस्ती साधता येते. जेथे दोन रोपे आहेत तेथे मोठे ठेवून लहान काढावे. नांग्याच्या लगतच्या जागी मात्र सारख्या वयाची दोन्ही रोपे राहू द्यावीत. त्यामुळे संख्या भरून येते आणि वय बिघडत नाही. मागे पडलेले एकटे रोप काढण्यास हात धजत नाही, पण दोन्ही बाजूंस मोठी रोपे असल्यास ते काढणेच योग्य.

बी टोकून नांगे भरावयाचे असल्यास ते पहिली रोपे दिसू लागल्यापासून दोन-तीन दिवसांतच करावे. त्यापेक्षा चांगली रीत म्हणजे पेरणीच्याच दिवशी थोडे बी मातीने भरलेल्या लहान पिशव्यांत किंवा कागदी पेल्यांत टाकून ठेवणे. आठ-दहा दिवसांची ही रोपे मातीच्या गोळ्यासह नांग्यांत लावल्यास ती शेतातील रोपांच्याच वयाची असतात. मक्याचे रोप लावता येत नाही असा समज आहे. तो मुळे उघडी करून उपटलेल्या रोपापुरता खरा आहे. व्हिएटनाममध्ये तांबड्या नदीच्या खोऱ्यात भातानंतर हिवाळी मका घेण्यासाठी रोपे तयार करून लावण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आहे. काही गुंठ्यांसाठी शेदोनशे पेले पुरतात.

पीक ठेवावे की मोडावे, हा खरा कठीण निर्णय होय. सारख्या वयाची तीन चतुर्थांश रोपे शिल्लक असतील, तर पीक ठेवावे, कारण उरलेल्या रोपांची कणसे मोठी होतात व उत्पादनातील घट रोपांच्या घटीइतकी नसते. निम्म्याहून कमी रोपे उरली असून हंगामाची मुदत शिल्लक असेल, तर पुन्हा पेरणे फायद्याचे असते; मात्र तेव्हा जुनी रोपे पूर्णपणे मोडून मगच पेरावे. जुन्या ओळींतच नवे बी टाकणे हा सर्वांत वाईट पर्याय, कारण दुबार बियाण्याचा खर्च होऊन हाती पुन्हा दोन वयांचे पीक येते. मुदत संपली असल्यास तिसरा मार्ग उरतो. दाण्याचा नाद सोडून मधल्या जागांत दाट बी टाकून पीक हिरव्या चाऱ्यासाठी राखावे. चारा तुरा व कणीस निघण्याच्या सुमारास कापला जातो, म्हणून वयाच्या फरकाचा तोटा तेथे बराच कमी असतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून प्रसारित झालेला आफ्रिकन टॉल हा वाण यासाठी परिचित आहे. कोवळी कणसे रोज थोडीथोडी विकणाऱ्यास तर मागेपुढे येणारे पीक सोयीचेच पडते.

बियाणे सदोष असल्याचा संशय असेल, तर शेत मोडण्याची घाई करू नये. १९६६ च्या बियाणे अधिनियमानुसार पिशवीवरील खूणचिठ्ठीवर उगवणक्षमता नमूद असणे बंधनकारक आहे. पिशवी, खूणचिठ्ठी, पावती व शक्य तर मूठभर शिल्लक बी जपून ठेवून तालुका पातळीवरील बियाणे तक्रार निवारण समितीकडे लेखी तक्रार करावी. समिती शेताची पाहणी करून पंचनामा करते. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये असे ठरविले की, बियाणे विकत घेणारा शेतकरी ग्राहक असून त्यास ग्राहक मंचाकडे दाद मागता येते, व सर्व बी पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्याकडून तपासणीसाठी नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा करता येत नाही. तरीही तक्रार उगवण स्पष्ट होताच, म्हणजे पेरणीनंतरच्या दहा-बारा दिवसांतच करणे इष्ट असते. पुढे न उगवलेले बी कुजून नाहीसे होते आणि ते निर्जीव होते, कोरड्यात पडले होते, की मुळात पडलेच नव्हते, हे उकरून दाखविता येत नाही.